सगळं ‘नियम’च ना, मग एवढा काथ्याकूट कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाषांतराचे कागद घेऊन येणारे विचारतात, घरचे विचारतात, परवा भाचीनेही विचारलं: “रूल, रेग्युलेशन, बायलॉ, नॉर्म, प्रिन्सिपल, सगळ्यालाच ‘नियम’ लिहून मोकळी का होत नाहीस? वाचणाऱ्याला कळल्याशी कारण!” आजवर मी वेळ मारून नेत आले. पण हा प्रश्न मला लागतो, म्हणून आता नीटच सांगते.

वाचणाऱ्याला कळत नाही, हेच तर दुखणं आहे. ‘नियम आहे’ म्हटलं की माणूस गप्प बसतो. तो कुणी केला, कोणत्या अधिकारात केला, बदलायचा तर कुणाकडे जायचं, हे विचारायचं त्याला सुचतच नाही. इंग्रजीतल्या त्या वेगवेगळ्या शब्दांमध्ये हीच माहिती असते. ॲक्ट संसद किंवा विधानसभा करते. त्या ॲक्टने दिलेल्या अधिकारात सरकार करतं ते रूल्स, आणि एखादं मंडळ किंवा विद्यापीठ करतं ती सहसा रेग्युलेशन्स. मराठीत यांना अधिनियम, नियम, विनियम असे शब्द आहेत, संस्था स्वतःच्या कारभारापुरते करते त्या बायलॉला उपविधी आहे. रुक्ष आहेत, कबूल. पण बडोद्यात बसून तरी त्यांचा कंटाळा करू नये. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सयाजीराव महाराजांनी १९३१ साली इथेच काढवला. कारभार चालवायचा तर शब्द नेमका हवा, हे या गावाला तेव्हा पटलेलं होतं.

शाळेचंच घ्या. बडोदा संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण कायद्यानेच सक्तीचं होतं. राज्यघटनेत १९५० साली तीच गोष्ट कलम ४५ मध्ये आली, पण प्रिन्सिपल म्हणून, मार्गदर्शक तत्त्व म्हणून. आणि ही तत्त्वं कोर्टाकडून अंमलात आणून घेता येणार नाहीत, असं कलम ३७ सरळ सांगतं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा हक्क मानला, २००२ च्या दुरुस्तीने तो घटनेत लिहिला गेला, २००९ मध्ये ॲक्ट आला, २०१२ मध्ये गुजरातचे रूल्स आले. ॲक्टच्या परिशिष्टाचं नाव आहे ‘नॉर्म्स अँड स्टँडर्ड्स’. किती मुलांमागे किती शिक्षक, ते तिथे दिलंय. मूल शाळेत गेलं पाहिजे ही एकच गोष्ट, पण तिला कोणता शब्द लागलाय त्यावर बापाच्या हातात काय आहे ते ठरत आलं. या सगळ्याला मी ‘नियम’ लिहू?

आता मावशीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय माझा हट्ट कळायचा नाही.

मावशी कारेलीबागेत एका सहकारी सोसायटीत राहते. काका गेल्यावर मागची खोली तिने युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या दोन मुलींना दिली, एक नाशिकची, एक अमरावतीची. पैशांचा हातभार होताच, पण तिला हवी होती सोबत. मुली तिच्या बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत वारांप्रमाणे लावून ठेवायच्या, ती त्यांना सकाळी थालीपीठ बांधून द्यायची. एक दिवस लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली: ‘सोसायटीना नियम मुजब पेइंग गेस्ट राखी शकाशे नहीं.’ खाली कमिटीच्या सह्या.

मी पेटा नियमांची, म्हणजे बायलॉजची, प्रत मागितली. बऱ्याच फेऱ्यांनंतर रजिस्ट्रारचा शिक्का असलेली, कडा तुटायला आलेली एक पुस्तिका हाती आली. ती पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचली. पेइंग गेस्टचा उल्लेखच नव्हता. भाडेकरू ठेवताना कमिटीला लेखी कळवावं, एवढंच कलम होतं, आणि मावशीने दिलेल्या पत्राच्या प्रतीवर सेक्रेटरींची पोच होती. म्हणजे नोटीस हा कमिटीचा नुसता ठराव होता. बायलॉ बदलायचा तर तो सभासदांच्या सभेपुढे यावा लागतो आणि रजिस्ट्रारकडे नोंदला जाईपर्यंत लागू होत नाही. यातलं काहीही झालेलं नव्हतं. शिवाय घटनेच्या कलम १३ मध्ये ‘लॉ’च्या व्याख्येत बायलॉ हा शब्द आहे खरा, पण सहकारी सोसायटीच्या बायलॉला कायद्याचं बळ नाही, तो कंपनीच्या अंतर्गत नियमावलीसारखा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच म्हटलंय.

हे सगळं मी सभेत उभं राहून वाचलं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मावशी शेवटच्या रांगेत पदर घट्ट धरून बसली होती. सोसायटीच्या प्रमुखांनी मला एकदाही मध्येच तोडलं नाही. माणूस वाईट नाही. काकांना रात्री दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. माझं झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, “बेन, तमे कायदानी वात करो छो, अमे साथे रहेवानी वात करीए छीए.” मागून कुणीतरी म्हणालं, “पण नियम तो छे ने?”

नोटीस उतरवली गेली. मी जिंकले होते.

त्यानंतर मावशीबरोबर फिरायला जाणाऱ्या बाई तिच्या हाकेची वाट न बघता पुढे निघायला लागल्या. जिन्यात भेटलं तर बोलणं ‘केम छो’वर संपायचं. नवरात्रात सोसायटीच्या आरतीला तिला कुणी बोलावलं नाही. खाली गरबा चालू असताना तिने मला फोन केला, म्हणाली, “तुझा बायलॉ खरा असेल गं, पण मला इथे राहायचंय.” दिवाळीआधी तिने स्वतःच मुलींना दुसरीकडे सोय बघायला सांगितलं.

नॉर्म म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. गुण्या काही हुकूम देत नाही; लावून पाहिला की तुम्ही वाकडे आहात एवढं सगळ्यांना दिसतं. त्याच्याखाली कुणाची सही नसते, त्यामुळे त्याच्याविरुद्ध जायला रजिस्ट्रारही नसतो.

मग हे शब्द वेगळे ठेवून काय मिळवलंस, असं तुम्ही विचाराल. मावशीनेही विचारलं. पूर्वीची मी पटकन म्हणाले असते की चूक शब्दांची नाही, माणसांची आहे. लिहिलेलं तेवढंच धरायचं, बाकी सगळी मनमानी, असं माझं ठाम मत होतं. आज मला ते तसंच्या तसं म्हणता येत नाही, कारण प्रिन्सिपलचं काय करायचं? न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टात १८८९ साली एक खटला आला. आजोबांचं मृत्युपत्र नातवाच्या नावे, सगळ्या रूल्सनुसार पक्कं. पण नातवाने आजोबांना विष दिलं होतं. स्वतःच्या गुन्ह्यातून कुणी लाभ घेऊ नये या तत्त्वावर कोर्टाने त्याला वारसा नाकारला. कायद्यात असं लिहिलेलं नाही, मग कोर्टाने ते घालू नये, असं विरोधी मतही तिथे नोंदलं गेलं. पूर्वीची मी त्या विरोधी मताच्या बाजूने उभी राहिले असते. आता निकाल बरोबर वाटतो. पण मग लिहिलेल्याच्या वर काहीतरी आहे म्हणणाऱ्या प्रमुखांना मी कोणत्या तोंडाने अडवू? फरक आहे, असं मला वाटतं. कोर्टाने आपलं तत्त्व उघड सांगितलं, कारणं दिली, विरुद्ध बोलणाऱ्याचंही लिहून ठेवलं. सोसायटीत कुणी तत्त्व म्हणून काही मांडलंच नाही. दोन शिकणाऱ्या मुलींमुळे ‘साथे रहेवानं’ नेमकं काय बिघडत होतं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. ‘नियम’ या एका शब्दाआड ते झाकून गेलं.

एवढ्याने माझी बाजू सिद्ध होते असं मी म्हणत नाही. वेगळा शब्द वापरला असता तर मुली तिथेच राहिल्या असत्या, असंही नाही. मावशीचं म्हणणं, मी त्या दिवशी सभेत उठायलाच नको होतं. मी म्हणते, नसते उठले तर ती नोटीस आजही बोर्डावर असती आणि पुढच्या विधवेला तीच दाखवली असती. ती म्हणते, पुढच्या विधवेचं तू बघ, मला माझ्या शेजाऱ्यांचं बघू दे. यावर आमचं अजून जमलेलं नाही.