कोल्हापूर मॉडेल: जनित्रांच्या मर्यादा बसवल्या, कोयनेच्या पाण्याचा भाव निघाला

मंडळी, कोल्हापूरच्या वीजजाळ्याचं छोटं संगणकी मॉडेल आता जनित्रांच्या मर्यादा आणि खर्चासकट चालायला लागलंय. सहा बस, म्हणजे जाळ्यातले जोडबिंदू, आहेत: तळंदगे, मुडशिंगी, इचलकरंजी, शिरोली, कागल आणि वरची कऱ्हाड. कऱ्हाडच्या बसवर कोयना, उरलेल्या राज्याची औष्णिक वीज आणि उरलेल्या राज्याचा भार टांगलाय. जागा खऱ्या आहेत, पण लाईनचे आकडे, भार आणि रुपयांचे भाव मी बेतलेले आहेत. वीजजाळ्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर मॅटपॉवर, तेही ऑक्टेव्ह या मोफत गणिती प्रणालीवर, म्हणजे एक पैसा खर्च नाही.

आपलं जाळं हातात घेण्याआधी मॅटपॉवरसोबतच येणाऱ्या नऊ बसच्या केसवर हात बसवला. नवीन कुणी असेल तर त्यानेही तिथूनच सुरुवात करावी, कारण त्यात सगळं कागदावर तपासता येतं. तीन जनित्रं आहेत आणि तिन्हींचा खर्च वर्गसमीकरणात दिलाय. दुसऱ्याचा खर्च ०.०८५ गुणिले पीचा वर्ग, अधिक १.२ पी, अधिक ६००; पी म्हणजे जनित्राची वीज, मेगावॅटमध्ये. एकूण भार ३१५ मेगावॅट. डीसी ओपीएफ (सगळ्यांत कमी खर्चाची वाटणी काढणारं सोपं, फक्त मेगावॅटचं गणित) चालवला की वाटणी ८६.५६, १३४.३८ आणि ९४.०६ येते, आणि तिन्हींचा पुढच्या एका मेगावॅटचा खर्च २४.०४ वर जुळतो. तो ६०० चा स्थिर आकडा वाटणीत कुठेच डोकावत नाही, फक्त एकूण बिलात दिसतो. संच चालू ठेवायचा की बंद, हा प्रश्न आला की मगच त्याला अर्थ.

आता दुसऱ्या जनित्राचा पीमॅक्स (जास्तीत जास्त वीज) ३०० वरून १०० वर आणा. ते १०० वर अडकतं, उरलेले २१५ मेगावॅट बाकीचे दोघे उचलतात, आणि भाव २८.०३ वर चढतो. अडकलेल्या जनित्राचा स्वतःचा वाढीव खर्च मात्र १८.२० च आहे. मधला ९.८३ चा फरक म्हणजे त्या मर्यादेची छाया किंमत (मर्यादा एका मेगावॅटने सैल केली तर वाचणारा खर्च), आणि निकालातल्या म्यू-पीमॅक्सच्या रकान्यात तोच आकडा येतो. एकूण खर्च ५,२१६ वरून ५,३८५ झाला. हा हिशेब एकदा वहीवर हाताने करून बघाच. मर्यादा आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला तिथे पक्कं कळलं. प्रत्येक मर्यादा आपल्यासोबत एक भाव घेऊन येते. त्यामुळे खऱ्या जनित्राची एखादी अडचण समोर आली की पहिला प्रश्न असा विचारायचा: ही गोष्ट मर्यादेत लिहू की खर्चात?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांपाशी लगेच येतो. गाळप हंगामात कारखान्याला रस आटवायला वाफ लागते, आणि ती वाफ टर्बाइनमधूनच येते. वाफ हवी तेवढी वीज होणारच, ग्रिडला गरज असो वा नसो. ही झाली मर्यादा. त्याच्या वर जास्तीचं बगॅस (उसाचा चोथा) जाळून कंडेन्सिंगवर, म्हणजे वाफ कारखान्याला न देता थंड करून, वीज करायची तर ते बगॅस विकता आलं असतं किंवा हंगामानंतर वापरता आलं असतं. तो झाला खर्च. मी २४ मेगावॅटचा एक काल्पनिक संच घेतला. पीमिन (कमीत कमी वीज) १५ ठेवला आणि जेनकॉस्टमध्ये, म्हणजे खर्चाच्या तक्त्यात, तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषांचा नमुना वापरला. ओळ अशी (नमुन्याचा प्रकार, सुरू-बंदचे दोन खर्च, बिंदूंची संख्या, मग मेगावॅट आणि तासाचे रुपये यांच्या जोड्या): १, ०, ०, ३, १५, ०, २०, १२५००, २४, २८५००. म्हणजे १५ मेगावॅटपर्यंत शून्य, पुढच्या पाचांना युनिटमागे अडीच रुपये, शेवटच्या चारांना चार रुपये.

इथे एक गोष्ट जपायची. उतार चढतेच हवेत. चार रुपयांचा तुकडा आधी आणि अडीचचा नंतर लिहिला तर मॅटपॉवर अडवत नाही. तो आतून खर्चाचं एक चल घेतो आणि त्याला प्रत्येक रेषेच्या वर राहायला सांगतो, म्हणून १५ मेगावॅटला शून्याऐवजी ७,५०० रुपये खर्च धरला जातो. निकाल सुबक छापून येतो आणि चुकीचा असतो. मी फाईल वाचतानाच उतार तपासणारी चार ओळींची फंक्शन लिहून ठेवलीय.

सुरू आणि बंद करण्याचा खर्च लिहायला जेनकॉस्टमध्ये रकाने आहेत, जनित्रांच्या जेन तक्त्यात रॅम्पचेही (वीज किती वेगाने वाढवता-घटवता येते त्याचे) आहेत, पण साधा ओपीएफ त्यांच्याकडे बघत नाही. तो एकाच क्षणाचं गणित करतो. बंद करायचा निर्णय हवा असेल तर रन-यूओपीएफ आहे. तो पीमिनवर अडकलेले संच एकेक बंद करून बघतो आणि खर्च उतरला तर बंदच ठेवतो.

फाउंड्र्यांच्या इंडक्शन भट्ट्या मी ऋण जनित्र, म्हणजे वीज देण्याऐवजी घेणारं जनित्र, म्हणून लिहिल्या. शिरोलीला पीमिन उणे १२, पीमॅक्स शून्य, क्यूमिन उणे ५.८, क्यूमॅक्स शून्य (क्यू म्हणजे रिॲक्टिव्ह वीज). यातून ०.९ चा पॉवर फॅक्टर बांधला जातो. खर्चात युनिटला सात रुपये. बसचा भाव सातच्या वर गेला की भट्टी आपोआप थांबते. मात्र पी आणि क्यूचे सुरुवातीचे आकडे, पीजी आणि क्यूजी, त्याच प्रमाणात द्यावे लागतात, आणि तोच भार बसच्या तक्त्यातून वजा करावा लागतो, नाहीतर दोनदा मोजला जातो.

आता कोयना. माझा बहुतेक वेळ तिच्यात गेला आणि तो तिथेच जायला हवा होता.

पाण्यावरच्या जनित्राला खर्च शून्य लिहिला तर ओपीएफ ते कायम पूर्ण क्षमतेवर चालवणार. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १,६०० मेगावॅट. पण कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय, आणि हे वर्ष १ जूनला सुरू होतं. ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. पावणेपाचशे मीटरची पडण्याची उंची आणि ८७ टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे २१५ कोटी युनिट होतात. वर्षभराची सरासरी काढली तर जेमतेम २४५ मेगावॅट! १,६०० मेगावॅट अखंड चालवले तर दोन महिन्यांच्या आत कोटा संपतो. म्हणजे कोयनेची खरी मर्यादा पीमॅक्स नाहीच, ती वर्षभराच्या बेरजेत आहे, आणि एका क्षणाचं गणित करणाऱ्या ओपीएफला बेरीज दिसत नाही.

आधी मी पाण्याला युनिटमागे भाव लावून तो वरखाली करत बसलो. औष्णिक संचांचे खर्च सरळ रेषेत असले की भाव जरा हलताच कोयना शून्यावरून पूर्ण क्षमतेवर उडी मारते आणि बेरीज कोट्यावर टिकत नाही. औष्णिक खर्चात लहानसं वर्गपद घातल्यावर उडी मवाळ झाली.

त्यापेक्षा नेटका मार्ग नंतर लावला आणि तो मनापासून आवडला. वर्षातले सहा नमुन्याचे तास निवडले: पावसाळी रात्र, दिवाळीची संध्याकाळ, एप्रिलची दुपार वगैरे. प्रत्येकाला त्याचे वर्षातले तास दिले, बेरीज ८,७६०. मग जाळ्याच्या सहा प्रती एकाच केसमध्ये ठेवल्या, एकमेकींना न जोडलेल्या, प्रत्येकीला आपली संदर्भ बस (जिच्यापासून व्होल्टेजचा कोन मोजतात ती). प्रत्येक प्रतीचा खर्च तिच्या तासांनी गुणला. शेवटी एकच जादा रेषीय बंधन: तास गुणिले कोयनेची वीज, सगळ्यांची बेरीज कोट्याच्या आत. जेनकॉस्ट मेगावॅटमध्ये असतो, पण या बंधनातली चलं पर युनिटमध्ये, म्हणजे एका ठरावीक बेसने भागलेल्या आकड्यांत, असतात. म्हणून २१.५ लाख मेगावॅट-तास नव्हे, १०० मेगावॅटच्या बेसवर २१,५०० लिहायचं. बंधनाची छाया किंमत १०० ने भागली की मेगावॅट-तासाचा भाव मिळतो. बसचे भावही त्या त्या प्रतीच्या तासांनी भागून वाचायचे.

निकाल बघण्यासारखा आहे. पावसाळी रात्री कोयना बंद. दिवाळीच्या संध्याकाळी पूर्ण क्षमतेवर. ज्या प्रतीत ती मधेच कुठेतरी चालते, तिथे कऱ्हाड बसचा भाव आणि पाण्याचा भाव पैशापर्यंत जुळतात. नऊ बसच्या केसमधल्या ९.८३ सारखाच हा आकडा, फक्त इथे तो पूर्ण वर्षाच्या पाण्याचा आहे.

पुढचं काम तिसऱ्या टप्प्याचं. तो ३२० मेगावॅटचा, आणि वरच्या टप्प्यांतून कोळकेवाडीत उतरलेल्या पाण्यावर चालतो, म्हणजे त्याची वीज वरच्या निर्मितीला बांधणारं आणखी एक रेषीय बंधन लागेल. हे सगळं अजून डीसीवर आहे. एसीवर, म्हणजे व्होल्टेज आणि क्यूसकटच्या पूर्ण गणितावर, नेताना क्यूच्या मर्यादा येतील, विशेषतः हंगाम संपल्यावर सहवीज संच बंद पडतात तेव्हा इचलकरंजीच्या बसवर. एप्रिलच्या दुपारचा भार हंगामातल्या भारापेक्षा कसा वेगळा घ्यावा, यावर कुणी काम केलं असेल तर लिहा. तासांची फाईल त्याप्रमाणे बदलतो.