आधी सगळं सैल

बुलेटची नुसती फ्रेम लांबूनही ओळखू येते, कारण ती खालून उघडी असते. पुढून उतरणारा पाइप इंजिनाच्या जागेपर्यंत येतो आणि तिथेच संपतो. माहीत नसलेल्याला वाटतं, मोडलीय. पुण्याच्या नाना पेठेतल्या एका बोळात भर दुपारी अशी एक फ्रेम रंगाच्या रिकाम्या डब्यावर टेकवलेली दिसते आणि शेजारी एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा तारेच्या ब्रशने स्टीअरिंगची छर्रे बसायची वाटी घासत बसलेला असतो. जाणारा-येणारा विचारतो, "भंगारात चाललीय का?" पोरगा मान वर करत नाही. बरोबरच आहे, अशा प्रश्नांना उत्तरं देत बसलं तर गाडी दिवाळीपर्यंत होत नाही.

फ्रेम मोडलेली नाही. तिचा खालचा दांडा म्हणजे इंजिनच. इंजिन बसलं की चौकट पुरी होते, तोवर ती अर्धीच. इंग्लंडमधल्या रेडिचहून १९५५ साली मद्रासला आलेली ही मांडणी लोखंडी इंजिन बंद होईपर्यंत तशीच राहिली. आणि म्हणूनच बुलेट नुसत्या फ्रेमपासून उभी करताना पोरांचा पहिला कस लागतो तो पाना आवळण्यात नव्हे, न आवळण्यात. पुढचे बोल्ट आधी करकचून आवळले की मागची भोकं अर्ध्या भोकाने चुकतात. मग हातोडी येते. बोल्ट जातो, जाणारच, लोखंड आहे ते. पण त्याचे आटे रगडले जातात आणि इंजिन जन्मभर ताणात बसतं. वर्ष-दोन वर्षांनी कुठल्या तरी ब्रॅकेटला चीर जाते आणि लोक म्हणतात, "बुलेट आहे, थरथरणारच."

मांडव घालणारे जसे सगळे बांबू आधी सैल बांधतात आणि चारी बाजूंनी नजर टाकल्यावरच काथ्या ओढतात, तसं हे काम. इंजिन, त्याच्या पाठीला जोडलेला गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या प्लेटा, सगळे बोल्ट आधी हाताने. मग हलवून, डोलवून पाहायचं. मग आवळायचं. हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला, वरून धरणारी पट्टी सगळ्यात शेवटी.

त्याआधी रंग. हल्ली सगळ्यांना पावडर कोटिंग हवं असतं. टिकतं छान, यात वाद नाही. पण तो थर जाड असतो आणि जिथे नको तिथेही बसतो. स्टीअरिंगच्या वाट्यांच्या जागी बसला तर वाट्या तळाला टेकत नाहीत, आणि पाचशे किलोमीटरनंतर हँडल खटखटायला लागतं. इंजिनाच्या बोल्टाखाली बसला तर दाबाने चेपतो आणि बोल्ट आपोआप ढिला होतो. बॅटरीची अर्थची तार जोडायच्या जागी बसला तर हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, इंडिकेटर मंद लुकलुकतो, आणि पोरगा दोन दिवस नवंकोरं वायरिंग उसवत बसतो. त्यापेक्षा कोटिंगला देण्याआधी आट्यांत जुने बोल्ट पिळून ठेवावेत, वाट्यांच्या जागा टेपने झाकाव्यात आणि अर्थची जागा नंतर खरवडून उघडी करावी. चेसीच्या नंबरावर सँडब्लास्टिंगचा जोर पडू देऊ नये, हे तर वेगळं सांगायलाच नको. बाकी सगळं बाजारात मिळतं, नंबर मिळत नाही. पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करायला जावं लागतं, तेव्हा तिथला साहेब पहिलं बोट त्यावरच ठेवतो.

स्टीअरिंगचे छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून बसवायचे. वाटी गच्च भरायची नाही, एका छर्र्याएवढी जागा मोकळी सोडायची, नाही तर ते एकमेकांना घासतात. पुढचं चाक अधांतरी ठेवल्यावर हँडल आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे, आणि फोर्क धरून मागे-पुढे ओढल्यावर खट आवाज येता कामा नये. या दोन्हींच्या मधली जागा चेकनटच्या जेमतेम थोड्याशा फिरण्यात असते.

बोल्टांची गंमत निराळी. जुन्या बुलेटला इंग्रजी सायकलचे बारीक आटे, इंचाला २६. पुढे पुढे मिलिमीटरचे आटे आले, पण सगळीकडे एकदम नाही. त्यामुळे जुन्या बाजारातून रविवारी किंवा बुधवारी उचललेला मूठभर नटबोल्टांचा ढीग म्हणजे लॉटरीच. चुकीचा नट पहिले दोन आटे लोण्यासारखा जातो, तिसऱ्याला अडतो. तिथे थांबणारा पोरगा पुढे मिस्त्री होतो. शिवाय टायमिंगच्या बाजूला ऑइल पंप फिरवणारा वर्म, म्हणजे पेचदार गिअर, उलट्या आट्याचा. तो सुलट समजून जोर लावणाऱ्याला वस्ताद एकदाच ओरडतो, "अरे लेका, तो उलटा आहे!" पण बऱ्याचदा तोवर कट्कन आवाज झालेला असतो.

इंजिनाबद्दल बोलायला लागलं तर संध्याकाळ होईल. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोअर करायला, म्हणजे आतून घासून मोठा करायला, सिलिंडर एकटा पाठवू नये. नवा पिस्टन आधी आणावा, त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. आणि टायमिंग कव्हर व क्रँकचं टोक यांच्यामधलं इवलंसं सील, जुन्या गाड्यांत बुचाचं असायचं, ते विसरू नये. ते राहिलं की ऑइल बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला, न जाता कव्हरमध्येच सांडतं. वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला मात्र परतीच्या पंपाचं ऑइल व्यवस्थित पोचत असतं, म्हणून पोरगा झाकण उघडून पाहतो आणि खूश होतो. खाली बिगएंड कोरडा जळत असतो.

ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट नेमका कधी उघडतो ते पाहायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पुरतो. पॉइंटमध्ये धरून हलका ओढत राहायचं, सुटला की उघडला. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक, थंड इंजिनावर जुळवायची: पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, वर-खाली मात्र हलू नये. चाकाला ४० स्पोक. आउट, म्हणजे चाकाचा डोल, काढताना एका बाजूचा आवळला तर समोरचा तेवढाच ढिला करावा. पुढचा-मागचा टायर दोन्ही ३.२५-१९, त्यामुळे बाजूने ताणलेली सुतळी चार ठिकाणी टेकली की चाकं एका रेषेत.

यात सगळ्यात खटकते ती एक गोष्ट. फ्रेमला अजून चाकं नाहीत, आणि टाकी मात्र रंगवून, सोनेरी रेघा ओढून, जुन्या चादरीत गुंडाळून आणलेली असते. चेन्नईच्या कारखान्यात त्या रेघा हाताने ओढत, म्हणून इथेही पेंटर हातानेच ओढतो, कौतुक आहे. पण टाकी शेवटी हो! तिच्याभोवती महिनाभर पाने फिरणार, कुठला तरी एक नेमका निसटून तिच्यावरच पडणार.

आणि मग इंजिन पेटतं. अँपिअरचा काटा मध्यावर आणून, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून, किक जराशी पुढे सरकवून मारलेली ती किक. बोळातली चार टाळकी जमतात. कोणी म्हणतं, "एक चक्कर मारून ये." दिवा नाही, सीट म्हणजे दुमडलेलं पोतं. इथे मात्र सैल काहीही चालत नाही. मागच्या ब्रेकची प्लेट अडवणारा नट हातानेच लावलेला राहिला असेल, तर पेडल दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते, रॉड वाकतो आणि चाक जागच्या जागी जाम होतं. मागे बसायला निघालेल्या मित्राला आधी खाली उतरवा. पाना घ्या आणि तो नट बघा.