वाटीखालचं दुखणं

मंगळवार, रात्री उशिरा

मिरजेच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत जिथं बोट ठेवलं, तिथंच मी वर्षभर अंगठा दाबत आलोय. गुडघ्याच्या वाटीचं खालचं टोक. वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत उतरणारी कंडरा तिथं जाड झालीय. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशला उडी घेताना, जिना उतरताना, ऑफिसात तासभर बसून उठताना कळ येते. सपाट रस्त्यावर चालताना काहीच होत नाही, त्यामुळं घरच्यांना सगळी नाटकं वाटतात.

एवढ्यात बरंच वाचून काढलं. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या २००५ सालच्या पाहणीत व्हॉलीबॉलवाल्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना हाच त्रास निघाला, बास्केटबॉलमध्ये ३२ टक्के. वाचून बरं वाटलं. वाटायला नको होतं खरं तर.

याला सूज समजून गोळ्या द्यायची जुनी पद्धत. पण सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीची सूज फारशी दिसत नाही. दिसतात ते कोलॅजनचे, म्हणजे कंडरा ज्या प्रथिनाची बनते त्याचे, विस्कटलेले धागे आणि नको तिथं फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. गोळीनं कळ दबते, धागे आहेत तसेच राहतात.

कॅप्टनचा सल्ला एकच: "एक इंजेक्शन मार आणि मॅच काढ." म्हणजे स्टेरॉइडचं. डेन्मार्कमध्ये २००९ साली याचीच तुलना झाली होती. एका गटाला स्टेरॉइड, दुसऱ्याला उतरत्या फळीवरचे स्क्वॉट, तिसऱ्याला सावकाश जड वजन. बारा आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा होती. सहा महिन्यांनी स्टेरॉइडवाले पुन्हा घसरले, जड वजनवाले टिकले. कॅप्टनला मॅचपुरतं बघायचंय, त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. गुडघा माझा आहे.

स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टोचायचं फॅड आपल्याकडंही आलंय, आणि ते स्वस्त नाही. २०१९ च्या चाचणीत ५७ जणांना प्लेटलेट्स किंवा नुसतं सलाईन टोचलं, व्यायाम सगळ्यांना सारखाच दिला. वर्षभरानंतरही प्लेटलेट्सवाले सलाईनवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. शॉकवेव्हचं, म्हणजे मशीननं दुखऱ्या जागी दाबाच्या लहरी सोडायच्या त्या उपचाराचं, तेच: हंगाम चालू असलेल्या डच खेळाडूंवर खोट्या मशीनपेक्षा जास्त गुण आला नाही. ऑपरेशनही नॉर्वेतल्या २००६ च्या तुलनेत व्यायामापुढं सरस ठरलं नाही.

राहिलं जड वजन. हे वस्तादांना सांगितलं तर ते हसले. "आरं लेका, आमी दुसरं काय सांगत हुतो? बैठका मार!" तालमीजवळ राहतो, त्यामुळं हे ऐकावंच लागतं. आपल्या लोकांना सगळं आधीच ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह मलाही झाला. पण ते बसत नाही. तालमीतली बैठक अंगाच्या वजनावर, झपाझप, शेकड्यांनी मारायची. इथं उलटं आहे: वजन इतकं की पंधरा वेळा कसंबसं उचलेल, पुढं वाढवत सहा वेळांवर आणायचं, तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, आठवड्यातून तीनदा. वस्तादांसमोर एवढं बोललो नाही. पाया पडून निघालो.

सुताराकडून उतरती फळी करून घेणार होतो, ती रद्द केली. २०२१ च्या डच अभ्यासात त्या फळीवर कळ सोसत केलेल्या स्क्वॉटपेक्षा टप्प्याटप्प्यानं भार वाढवणाऱ्यांना जास्त फरक पडला. आधी पाय अर्धवट वाकवून वजन नुसतं धरून ठेवायचं, ४५ सेकंद, पाच वेळा. मग सावकाश वरखाली, मग उड्या, शेवटी खेळ. कळ दहापैकी तीनच्या आत असेल तर चालेल. म्हणजे अजिबात दुखायला नको हा हट्ट सोडायचा, आणि दात-ओठ खाऊन रेटणंही सोडायचं. मला दुसरं जास्त अवघड जाणार.

विश्रामबागच्या जिमला आज लेगप्रेसवर पहिल्यांदा धरून बसलो. प्लेटा गंजलेल्या, सीटचं रेक्झिन फाटलेलं, त्यातून स्पंज बाहेर. तिसऱ्या खेपेला मांडी थरथरायला लागली. मागं उभा असलेला पोरगा म्हणाला, "काका, मशीन अडकलंय का?" उठून जिना उतरलो तेव्हा कळ कमी होती, हे मात्र खरं. लगेच हुरळून जायचं कारण नाही. धरून ठेवल्यानं निदान पाऊण तास आराम पडतो असं दाखवणारा जो अभ्यास सगळे सांगतात, त्यात व्हॉलीबॉलपटू होते सहाच. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायावर बसून कळ किती येते ते बघायचं आणि इथं आकडा टाकायचा.

२०२१ च्या त्याच डच अभ्यासात २४ आठवड्यांनी, चांगल्या गटातलेसुद्धा निम्म्याहून कमी जण पूर्वीच्या पातळीवर परतले होते. हे वाचल्यावर कॅप्टनला फोन करून दसऱ्याच्या स्पर्धेतून नाव काढायला सांगितलं. तो दोन शिव्या घालून म्हणाला, "मग स्कोअरशीट तरी लिही." लिहीन म्हटलं. फक्त खुर्ची उंच दे, बुटक्या स्टुलावरून उठताना फार दुखतं.