एका बाळासाठी फोडलेली कुपी

गोवर-रुबेलाची लस आमच्याकडे पाच डोसच्या कुपीत येते. एकदा द्रावण मिसळलं की ४ तासांत वापरायची, उरली तर टाकायची. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीची, उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर पुढच्या सत्राला चालते, हिला ती सवलत नाही. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या छोट्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, लसीकरण करताना हा प्रश्न सारखा येतो, कारण ९ महिने पूर्ण झालेलं, म्हणजे या लसीच्या वयाचं, बाळ बऱ्याचदा एकच असतं.

मी कुपी फोडते. नियमही तेच सांगतो. अहवालात वाया गेलेल्या डोसांचा आकडा मोठा दिसतो, दिसू दे. त्या बाळाला पुढच्या महिन्यात बोलवावं, तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद.

सकाळी फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक मी लगेच लस न्यायच्या कॅरिअरमध्ये भरत नाही. थोडा वेळ बाहेर ठेवते, मग कानाशी धरून हलवते. आत पाणी डुचमळलं की भरायचे. पेंटा गोठली की निकामी होते. कार्डावर नोंद होते आणि बाळाला संरक्षण मात्र मिळत नाही. उन्हापासून लस सगळेच जपतात, बर्फापासूनही जपावी लागते.

मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच घरं रिकामी होतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. म्हणून सत्राची वेळ आशाताई ठरवते, मी नाही. लस टोचली की अर्धा तास आई-बाळाला थांबवून ती माडिया भाषेत समजावते: ताप येऊ शकतो, घाबरू नका, हे औषध एवढं द्या. हे सांगायचं राहिलं तर त्या घरचं पुढचं मूल सत्राला येत नाही.

गोवर रोखायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. पण ४ बाळांच्या टोल्यावर एक राहिलं की तिथं ७५ टक्केच उरतात, आणि तालुक्याच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही. त्यातून आई इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात माहेरी गेलेली असली, तर ते बाळ इकडच्या यादीतून सुटतं आणि तिकडच्या यादीत चढत नाही. म्हणून माझं मागणं एवढंच आहे: आमच्यासारख्या तालुक्यांना टक्केवारी विचारू नका. राहिलेल्या बाळांची नावं विचारा, आणि ती आत्ता कुठे आहेत तेही.