स्कायरिम मॉडिंग: व्हाइटरनचे काळे चेहरे गेले

स्कायरिम या गेममधल्या व्हाइटरन शहरातली माणसं अखेर माणसांसारखी दिसायला लागली! चेहरे बदलणारा एक मॉड (गेममध्ये बाहेरून केलेला बदल) आणि पात्रांचं सामान बदलणारा दुसरा, असे दोन्ही लावले की काही जणांचं डोकं राखाडी-काळं पडायचं, धड मात्र ठीक.

यामागची यंत्रणा मला फार आवडली. स्कायरिममध्ये पात्राचा चेहरा दोन ठिकाणी असतो. ईएसपी प्लगिनमधल्या (मॉडच्या माहितीच्या फाइलीतल्या) रेकॉर्डमध्ये नाक-डोळे-केस कुठले ते लिहिलेलं असतं, आणि त्यावरून आधीच बनवलेलं डोकं फेसजेनच्या (चेहरे बनवणाऱ्या यंत्रणेच्या) निफ या त्रिमितीय मॉडेलच्या फाइलमध्ये ठेवलेलं असतं. दोन्ही जुळले नाहीत की चेहरा काळा.

ते जुळत नाहीत, कारण मॉडचा प्रकार बदलला की जिंकण्याचा नियमही बदलतो. टेक्श्चर (पृष्ठभागाची चित्रं), मेश (त्रिमितीय आकार) या सुट्या फाइली. त्या बीएसए अर्काइव्हमधल्या (एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातल्या) फाइलींवर मात करतात, आणि आपसात भिडल्या तर मॉड ऑर्गनायझर २ या मॉड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डाव्या यादीत जो खाली, तो जिंकतो. प्लगिनचा क्रम मात्र उजव्या यादीत, आणि तिथे शेवटी लोड होणाऱ्याचं अख्खं रेकॉर्ड लागू होतं. म्हणजे डोकं एकाचं, रेकॉर्ड दुसऱ्याचं!

उपाय एसएसईएडिट या प्लगिनची रेकॉर्ड बदलायच्या साधनात केला. चेहऱ्याच्या मॉडचं रेकॉर्ड नव्या पॅच प्लगिनमध्ये ओव्हरराइड (आधीच्यावर मात करणारी प्रत) म्हणून कॉपी केलं, सामानाच्या ओळी दुसऱ्या मॉडच्या रकान्यातून ओढून आणल्या आणि पॅच सगळ्यात शेवटी ठेवला. त्याला ईएसएल फ्लॅगही, म्हणजे हलका प्लगिन असल्याची खूण, लावला. पूर्ण प्लगिनना २५४ जागा, हलके प्लगिन मात्र एफई नावाच्या एकाच जागेत ४०९६ पर्यंत मावतात. छोट्या पॅचवर पूर्ण जागा घालवू नका, हे मी आग्रहाने सांगेन.

एसकेएसई या गेमच्या जोडसाधनावर चालणारे डीएलएल (प्रोग्रॅम कोडच्या फाइलींचे) मॉड तिसऱ्याच जातीचे. ते चालू गेमच्या मेमरीत थेट शिरतात, त्यामुळे गेमच्या मुख्य प्रोग्रॅम फाइलची (एक्सई) आवृत्ती बदलली की मेमरीतले पत्ते हलतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेमची १.६ आवृत्ती आली तेव्हा असे कितीतरी मॉड नव्याने बांधावे लागले. मी १.५.९७ वरच आहे आणि हे पत्ते पुरवणारी ॲड्रेस लायब्ररी त्याच आवृत्तीची ठेवली आहे.

पॅपिरस (गेमची स्क्रिप्ट भाषा) स्क्रिप्टवाल्या मॉडना अजून हात लावलेला नाही. त्यांची स्थिती सेव्हमध्ये लिहिली जाते, मॉड मध्येच काढला तरी अवशेष मागे राहतात. म्हणून ते मॉड नव्या सेव्हवरच लावेन. त्याआधी रिफ्टन या दुसऱ्या शहरातले चेहरे: तिथे तीन मॉड एकाच पात्रांवर भिडतात.