तुम्ही विचारलंत म्हणून : सही कोणाची?

"स्तनाचा कॅन्सर निघालाय, सर्जन म्हणतात अख्खा स्तन काढू. नाही म्हणता येतं का?" पुण्यात हा प्रश्न बरेचदा नवरा किंवा मुलगा विचारतो, वर पुस्तीही जोडतो : "तिला फार सांगू नका हं."

म्हणून आधी संमतीच्या फॉर्मवरच्या सहीचं बोलू. बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर तिच्या वतीनं घरच्यांची संमती चालत नाही. समीरा कोहली खटल्यात दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली ती संमती ग्राह्य धरली नाही. जीव वाचवायला तातडीनं करावं लागलं, तरच अपवाद. तिला काहीच ऐकायचं नसेल तर तोही तिचाच अधिकार, पण तसं तिनं सांगायला हवं.

स्तनाच्या बाबतीत अडचण होते ती 'फ्रोझन करू आणि पुढे जाऊ' या बेतामुळे. गाठ काढायची, बाई टेबलवर असतानाच ती गोठवून तपासायची, कॅन्सर निघाला की स्तन काढायचा. फॉर्मवर 'गरजेनुसार इतर शस्त्रक्रिया' छापलेलं असतंच. फॉर्म आदल्या दिवशी मागा, मराठीत मागा. सर्जनशी बोलून ती ओळ खोडा आणि नेमकं काय मान्य आहे ते हातानं लिहा. खरं तर आधी ट्रूकट बायॉप्सी (जाड सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणी) झाली असेल तर निदानासाठी फ्रोझन लागतच नाही. तपासण्याआधीच गाठ उपटून काढणं आम्हाला मुळीच पटत नाही. शिवाय तुकडा पुरेशा फॉर्मलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) वेळेत पडला नाही तर ईआर-पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का, हे दाखवणाऱ्या तपासण्या) खोटे निगेटिव्ह येऊ शकतात, आणि हार्मोनच्या गोळ्यांचा पर्याय बाईपुढे येतच नाही.

आता निवड. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी होत्या. २० वर्षांनी, २००२ साली निकाल आला : स्तन काढा किंवा फक्त गाठ, आयुर्मान सारखंच. मात्र रेडिएशनशिवाय त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ३९ टक्के, रेडिएशननंतर १४. म्हणजे स्तन वाचवायचा तर रेडिएशन पक्कं धरा. हल्ली बहुधा १५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. दौंडहून येणाऱ्या बाईनं राहायची सोय नाही म्हणून स्तन काढायचं ठरवलं, तर तोही तिचा निर्णय. सोय होऊ शकते का, हे मात्र तिला आधी कळायला हवं.

स्तनात वेगवेगळ्या भागांत गाठी असतील किंवा छातीला पूर्वी रेडिएशन झालं असेल, तर सर्जन अख्खा स्तन काढायला सांगतात त्याला कारण असतं. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते का, विचारा. तसं ठरलं तर केमोपूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्या. केमोनं गाठ विरघळली आणि क्लिप नसेल, तर नेमकं कुठे कापायचं हेच कळत नाही, आणि वाचू शकणारा स्तन जातो.

दुसरं मत घ्यायला एक-दोन आठवडे गेल्यानं सहसा बिघडत नाही. स्तन लाल, सुजलेला, गरम असेल तर मात्र थांबू नका. नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड (तपासलेल्या काचपट्ट्या) आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. कागदपत्रांसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे ती ७२ तासांत मिळायला हवीत.