रुगर की मार्लिन?

कोल्हापुरातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न. "सर, पहिली पॉइंट टू-टू घ्यायचीय, सेमी-ऑटो. रुगर १०/२२ घेऊ की मार्लिन मॉडेल ६०?" (पॉइंट टू-टू म्हणजे .२२ इंची बारीक गोळीची रायफल; सेमी-ऑटो म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाते, ट्रिगर मात्र दर वेळी दाबायचा.) दुधाळीच्या रेंजवर मी नव्या मुलांना शिकवतो आणि तिकडे बहिणीकडे गेलो होतो तेव्हा या दोन्ही रायफली चालवून बघितल्यात, म्हणून मला विचारतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, रुगर घ्या.

मार्लिन वाईट आहे म्हणून नव्हे. नवी कोरी, काहीही न बदलता नेम कुणाचा चांगला म्हणाल तर माझा कौल मार्लिनलाच. तिच्या नळीत १६ बारीक पीळदार खाचा असतात, ट्रिगरही मला रुगरपेक्षा हलका वाटला. मार्लिन १९६० ची, रुगर १९६४ ची. दोन्ही लाखोंनी खपल्या. पण २०२० मध्ये रेमिंग्टन ही बंदूक कंपनी दिवाळखोरीत निघाली, तिच्याकडची मार्लिन कंपनी रुगरनेच घेतली आणि मॉडेल ६० बनणं थांबलं. त्यामुळे मॉडेल ६० म्हटलं की जुनी, वापरलेली बघायची तयारी ठेवा.

माझं खरं कारण ड्रायचं, म्हणजे गोळीशिवायच्या सरावाचं आहे. आपल्याकडची पोरं घरी भिंतीवर काळा ठिपका चिकटवून, रायफल रिकामी ठेवून ट्रिगर दाबायचा सराव करतात. नेमबाज घडतो तो तिथं. आता पॉइंट टू-टूची गोळी रिमफायर. तिची ठिणगी पेटवणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे फायरिंग पिन, म्हणजे गोळीवर आपटणारी टाचणी, मधोमध न मारता कडेला मारते. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसण्याची जागा, रिकामं असलं की काही रायफलींत ती पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथं खाच पडते. रुगर कंपनी १०/२२ वर ड्राय करायला मोकळीक देते. मार्लिनवर मी करू देणार नाही.

दुसरं, रिकामी करणं. मार्लिनच्या नळीखाली गोळ्यांची लांब ट्यूब असते. भरायला तिच्या आतली पितळी नळी फिरवून वर ओढायची आणि खाचेतून गोळ्या एकेक सोडायच्या. भरताना हात सारखा रायफलच्या नळीच्या तोंडाजवळ जातो, ते मला आवडत नाही. रिकामी करताना ट्यूब उलटी करून गोळ्या पडल्या, तरी एखादी आत यंत्रात राहू शकते. रुगरचं दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन खटकन हातात येतं, मग बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा, मागे ओढून चेंबरमध्ये डोकावायचं. पण एक लक्षात ठेवा, शेवटची गोळी सुटल्यावर मार्लिनचा बोल्ट उघडा राहतो (जुन्या मॉडेलमध्ये नाही), साध्या रुगरचा बंद होतो. म्हणजे ती रिकामी आहे असं नुसतं धरून चालायचं नाही. डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं. घरात लहान मूल असेल तर कुलपाच्या पेटीतच ठेवायची, गोळ्या वेगळ्या.

आणि सेमी-ऑटो आहे म्हणून धडाधड दहा सोडू नका. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार) कांस्य आणलं, तेही पॉइंट टू-टूवरच. पण त्या प्रकारात रायफलमध्ये दर वेळी एकच गोळी हातानं भरतात. पहिले काही महिने तुम्हीही मॅगझिनमध्ये एकच गोळी घालायची. मारली, कुठं गेली असेल ते आधी मनात ठरवलं, मग दुर्बिणीतून बघितलं, मग दुसरी.

भारी स्कोपवर (रायफलवरच्या दुर्बिणीवर) पैसे घालवू नका, गोळ्यांवर घाला. चार-पाच कंपन्यांचा एकेक डबा आणा, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवा आणि २५ यार्डांवर प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या वेगवेगळ्या कागदावर मारा. एकाच रायफलला एक गोळी चालते, दुसरी विस्कटते. ते कागद नाव घालून मला पाठवा, कुठली घ्यायची ते सांगतो.